विनाकारण रेंगाळण्याचा हक्क

रस्ते, बागा, रेल्वे स्थानके आणि समुद्रकिनारे अशा सर्वांसाठी खुल्या असलेल्या जागांना ‘सार्वजनिक अवकाश’ म्हटले जाते. मात्र तेथे वावरण्याची मोकळीक सर्वांना सारखी मिळत नाही. मुंबईतील ‘पुकार’ या संशोधन संस्थेने २००३ ते २००६ या काळात राबवलेल्या प्रकल्पातून ही विषमता तपशिलाने मांडली गेली आणि त्यावर आधारित ‘व्हाय लॉइटर?’ हे शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांचे पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

पानाच्या टपरीपाशी किंवा नाक्यावर तरुणांचे टोळके तासन्‌तास उभे राहिले, तरी त्यांना सहसा कोणी हटकत नाही. तरुणीला मात्र आपण कामासाठीच बाहेर पडलो आहोत, हे भरभर चालून, मोबाइल कानाला लावून किंवा बसथांब्यावर उभे राहून सतत दाखवावे लागते.

पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली ही पहिली महिला विशेष लोकल सुरू झाली आणि अशा सोयींमुळे शिक्षण-नोकरीसाठीचा प्रवास सुकर झाला. परंतु प्रवासाची सोय आणि निवांत थांबण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरेसा उजेड, रात्रीही उघडी राहणारी स्वच्छतागृहे आणि उशिरापर्यंत चालणारी वाहतूक यांची तरतूद करताना तरुणींचा निर्हेतुक वावरही नियोजनकारांनी नागरी हक्क म्हणून गृहीत धरला, तरच शहर खऱ्या अर्थाने सर्वांचे होईल.