खिडकीपलीकडचा निर्णय

अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी जाणाऱ्या माणसाच्या पासपोर्टात जो व्हिसा चिकटविला जातो, त्याचे आयुष्य फारसे मोठे नसते. साधारणतः सहा महिन्यांच्या आत तो वापरावा लागतो. अमेरिकेच्या विमानतळावर त्यावर शिक्का उमटला, की पुढे एक वर्ष तोच कायम वास्तव्याचा पुरावा म्हणून चालतो. परंतु या एका पानासाठी कित्येक कुटुंबे दहा-पंधरा वर्षे वाट पाहत असतात. या प्रतीक्षेचा शेवट होतो तो वकिलातीतील एका काचेच्या खिडकीपाशी. तेथे अर्जदाराने स्वतः हजर राहिले पाहिजे, बोटांचे ठसे दिले पाहिजेत आणि उजवा हात वर करून सत्य सांगण्याची शपथ घेतली पाहिजे, असा दंडक आहे. त्याच्याऐवजी वकील किंवा नातेवाईक चालत नाही. पण ज्याला समक्ष येण्याची इतकी सक्ती आहे, त्याचे म्हणणे नीट ऐकून घेण्याची आणि नकार द्यावयाचा झाल्यास त्याची कारणे सांगण्याची सक्ती मात्र खिडकीपलीकडे बसलेल्या अधिकाऱ्यावर फारच थोडी आहे. ही विषमता विचार करण्याजोगी आहे.

भारतातील अशा बहुतेक मुलाखती मुंबईत होतात. पूर्वी ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये असलेली अमेरिकन वकिलात २०११ साली वांद्रे-कुर्ला संकुलात हलली. पंजाब, गुजरात, आंध्र आणि केरळमधून माणसे आता तेथे येतात. मुलाखतीपूर्वी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. जन्माचा दाखला, विवाहाचा दाखला, पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र आणि अमेरिकेतील नातेवाइकाने भरून दिलेले पोषणाचे हमीपत्र ही सारी कागदपत्रे जमवावी लागतात. यात खर्च होतो, धावपळ होते, पण तिला निदान नियम आहेत. खरा कस लागतो तो काळाचा. अमेरिकन नागरिकांच्या भावाबहिणींसाठी तेथील कायद्यात वर्षाला ६५ हजार व्हिसांची तरतूद आहे. शिवाय मर्यादित संख्येच्या कौटुंबिक व नोकरीविषयक व्हिसांपैकी कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत, असे बंधन आहे. परिणामी भारतातील भावंडांची रांग पंधरा वर्षांहून अधिक लांबली आहे. अर्ज केला तेव्हा जो मुलगा पहिलीत होता, तो पाळी येईपर्यंत एकवीस वर्षांचा झालेला असतो आणि आईबापांबरोबर जाण्याचा त्याचा हक्क संपुष्टात येतो. २००२ च्या एका कायद्याने अर्जाच्या तपासणीत गेलेला काळ वयातून वजा करण्याची सोय केली. रांगेत गेलेला काळ मात्र वजा होत नाही.

इतक्या वर्षांनंतर खिडकीशी पोचलेल्या माणसाची भिस्त शेवटी असते ती कागदावर. आणि हा कागद पुष्कळदा एखाद्या खेड्यातील मास्तरांनी किंवा तालुक्याच्या कारकुनाने लिहिलेला असतो. महाराष्ट्रातील एका पिढीतील असंख्य माणसांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक जून अशी आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, मुलाचे वय पुरे भरलेले दाखवावयाचे असे आणि घरी तिथीपलीकडे कोणाला काही ठाऊक नसे. तेव्हा मास्तरांनी सद्भावनेने ती तारीख घालून मुलाला वर्गात घेतले. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ साली झाला. त्यापूर्वीच्या कोतवाल बुकातील नोंदी कोठे मोडीत, तर कोठे नुसत्याच ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढ्याच आहेत. विवाहानंतर मुलीचे आडनाव तर बदलतेच, पण काही घरांत तिचे नावही बदलले जाई. त्यामुळे आईचे एक नाव मुलाच्या जन्मदाखल्यावर, दुसरे तिच्या शाळेच्या दाखल्यावर आणि तिसरे पासपोर्टावर, असा प्रकार घडतो. ज्या समाजात हे घडते त्या समाजाला यात काहीच संशयास्पद वाटत नाही. परंतु दोन-तीन वर्षांसाठी मुंबईत आलेल्या परक्या अधिकाऱ्याला तीच गोष्ट फसवणुकीची खूण वाटू शकते. अशा वेळी अर्जदाराला खुलासा करण्याची पुरेशी संधी मिळणे ही कृपा मानता येणार नाही. ती निर्णयप्रक्रियेची गरज आहे.

वकिलातीच्या हाती ही सत्ता नेहमीच होती असे नाही. १९२४ पूर्वी अमेरिकेला निघालेला माणूस आधी समुद्र ओलांडीत असे आणि त्याची तपासणी न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर किंवा अन्य बंदरात होई. त्याच्याविषयी शंका आली तर त्याला विशेष चौकशी मंडळापुढे उभे करीत, आणि मंडळाने प्रतिकूल निर्णय दिला तर अनेक प्रकरणांत त्याला वॉशिंग्टनकडे अपील करता येत असे. १९२४ च्या कायद्याने ही तपासणी मूळ देशातील वकिलातींकडे सोपविली. घरदार विकून निघालेल्या माणसाला किनाऱ्यावरून परत पाठविण्यापेक्षा त्याच्या देशातच काय ते सांगून टाकावे, हा त्यामागचा एक युक्तिवाद होता आणि त्यात माणुसकीचा अंश निश्चित होता. पण याच कायद्याने आशियाई लोकांना जवळजवळ दारच बंद केले, हेही विसरता येत नाही. भारतीयांसाठी ते १९४६ साली वर्षाला अवघ्या १०० जणांपुरते किलकिले झाले आणि १९६५ च्या कायद्याने खऱ्या अर्थाने उघडले. या स्थित्यंतरात अर्जदाराचा समुद्रप्रवास वाचला, परंतु बेटावर उपलब्ध असलेले मंडळ आणि अपील ही दोन्ही साधने मात्र मागेच राहिली. त्यांची जागा एका अधिकाऱ्याच्या समाधानाने घेतली.

पुढे अमेरिकन न्यायालयांनी या स्थितीला तत्त्वाचे रूप दिले. वकिलातीतील अधिकाऱ्याने व्हिसा नाकारला, तर त्या निर्णयाची न्यायालयाने छाननी करावयाची नाही, असे ते तत्त्व आहे. १९७२ साली बेल्जियन मार्क्सवादी विचारवंत अर्नेस्ट मँडेल यांना प्रवेश नाकारल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एवढेच म्हटले, की सरकारने सकृद्दर्शनी वैध आणि प्रामाणिक असे कारण दिले असेल तर न्यायालय त्यामागे जाणार नाही. २०१५ च्या खटल्यात अर्जदार हा अफगाणिस्तानात तालिबानच्या राजवटीत सरकारी कारकुनी केलेला गृहस्थ होता आणि त्याची पत्नी अमेरिकन नागरिक होती. दहशतवादविषयक कलमाचा उल्लेख, एवढेच उत्तर त्या दांपत्याला मिळाले होते. न्यायालयाने ते पुरेसे मानले. २०२४ च्या मुन्योझ खटल्यात तर प्रश्न अधिकच स्पष्टपणे पुढे आला. लॉस एंजल्समधील एका अमेरिकन महिलेच्या पतीला एल साल्वाडोरमधील वकिलातीने २०१५ साली व्हिसा नाकारला होता. तो एका गुन्हेगारी टोळीचा सभासद असल्याचा अधिकाऱ्याचा समज होता, आणि ही गोष्ट त्या कुटुंबाला कळली ती न्यायालयात गेल्यावर, काही वर्षांनी. निकाल सहा विरुद्ध तीन असा तिच्या विरुद्ध लागला. परदेशी पती वा पत्नीला देशात प्रवेश मिळावा, असा मूलभूत हक्क नागरिकाला नाही, असे न्यायालयाने ठरविले. नकार देताना कोणत्या कलमाखाली तो दिला हे सांगावे, असे अमेरिकन कायदा म्हणतो खरा. पण गुन्हेगारी आणि सुरक्षा यांविषयीच्या कलमांना त्याच कायद्याने त्यातून वगळले आहे. म्हणजे जेथे आरोप सर्वांत गंभीर, तेथेच तो सांगण्याचे बंधन नाही.

या व्यवस्थेच्या समर्थनार्थ जे सांगितले जाते, ते दुर्लक्षून चालणार नाही. आपल्या देशात कोणी यावे हे ठरविणे हा प्रत्येक सार्वभौम राष्ट्राचा अधिकार आहे आणि परकी माणसाला प्रवेशाचा हक्क नसतो. भारताचीही भूमिका याहून फार वेगळी नाही. १९५५ साली हान्स मुलर या जर्मन नागरिकाच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही परकीयास देशाबाहेर घालविण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध असल्याचे म्हटले होते. बनावट दाखले आणि केवळ व्हिसासाठी लावलेली लग्ने ही काल्पनिक गोष्ट नाही, आणि प्रत्येक नकारावर न्यायालयीन वाद सुरू झाला तर कामकाज ठप्प होईल, ही भीतीही अगदीच निराधार नव्हे.

परंतु या युक्तिवादात दोन गोष्टींची गल्लत होते. प्रवेशाचा हक्क असणे वेगळे आणि नकाराचे कारण कळण्याचा हक्क असणे वेगळे. पहिला नाकारला म्हणून दुसराही आपोआप नाहीसा होत नाही. शिवाय कौटुंबिक व्हिसाचा अर्ज हा केवळ परकी माणसाचा अर्ज नसतो. त्याची सुरुवात अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा कायम रहिवासी करतो; तो शुल्क भरतो, हमी देतो आणि सरकारच्या पहिल्या छाननीला उतरतो. खिडकीवरचा नकार त्याच्याही संसारावर पडतो. तिसरी गोष्ट अशी, की असे अपील दिल्याने राज्य चालेनासे होते, हे अनुभवाला धरून नाही. कॅनडात कुटुंबीयाला बोलावणाऱ्या व्यक्तीला, काही गंभीर अपवाद वगळता, परदेशातील नकाराविरुद्ध अपील मंडळाकडे जाता येते. ब्रिटनमध्ये पती-पत्नीच्या व्हिसाला नकार मिळाला, तर मानवी हक्कांच्या आधारे न्यायाधिकरणापुढे दाद मागता येते. दोन्ही देशांनी आपल्या सीमांवरील ताबा त्यामुळे गमावलेला नाही.

ब्रिटनचा इतिहास या बाबतीत निष्कलंक आहे असे नव्हे. १९७९ साली हीथ्रो विमानतळावर, विवाहासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी करण्यात आली, आणि ती बातमी बाहेर येताच दोन्ही देशांत संतापाची लाट उसळली. कागदावर विश्वास नाही म्हणून माणसाच्या देहालाच पुरावा मानण्याची ही परिसीमा होती. ज्या अधिकाऱ्याला कोणालाच जाब द्यावयाचा नसतो, त्याचा संशय कोणत्या थराला जाऊ शकतो, याचे हे उदाहरण विसरण्यासारखे नाही. ते उजेडात आले म्हणूनच ती प्रथा थांबवावी लागली.

भारतीय वाचकाला याच काळातील दुसराही एक खटला आठवेल. १९७७ साली मनेका गांधी यांचा पासपोर्ट सरकारने जप्त केला आणि ‘सार्वजनिक हिताच्या दृष्टीने’ कारणे देण्यास नकार दिला. जानेवारी १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्याने या देशातील न्यायविचाराला वळण लावले. ज्याच्याविरुद्ध निर्णय घ्यावयाचा, त्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे आणि कायद्याने घालून दिलेली पद्धती ही न्याय्य व वाजवी असली पाहिजे, असे त्या निकालाचे सार आहे. तो नागरिकाच्या बाहेर जाण्याविषयी होता, परकीयाच्या आत येण्याविषयी नव्हता, हे खरे. पण दुसऱ्याची बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये, हा विचार पासपोर्टाच्या रंगावर अवलंबून नाही.

म्हणून मागणी माफक असावयास हवी. नकार देताना त्याचे नेमके कारण लेखी द्यावे. गुप्ततेची खरोखरच गरज असेल तेथे निदान आरोपाचा आशय कळवावा. अर्जदाराला उत्तर देण्यासाठी मुदत द्यावी. आजही एक वर्षाच्या आत नवा पुरावा आणल्यास फेरविचाराची सोय आहे; पण कोणत्या शंकेचे निरसन करावयाचे हेच ठाऊक नसेल, तर पुरावा आणावयाचा तरी कशाचा? आणि ज्या कचेरीने नकार दिला तिच्याबाहेरच्या कोणीतरी तो निर्णय पुन्हा पाहावा. अमेरिकेत आधीच राहून असाच अर्ज करणाऱ्याला, प्रकरण हद्दपारीपर्यंत गेल्यास, न्यायाधीशापुढे आपला दावा पुन्हा मांडता येतो. तोच अर्ज वांद्र्याच्या खिडकीवर केला, तर ती संधी का नसावी, याचे समाधानकारक उत्तर नाही.

भारताने ही मागणी करावयाची, तर परदेशांतील आपल्या वकिलातींच्या खिडक्यांवर परक्यांना मिळणाऱ्या उत्तरांकडेही पाहावे लागेल. आणि शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या व नगरपालिकांच्या दप्तरात रोज नोंदी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे लागेल, की आज घाईत लिहिलेले एखाद्या मुलीचे नाव तीस वर्षांनी, हजारो मैलांवरून आलेल्या माणसापुढे, तिच्या खरेपणाची साक्ष म्हणून मांडले जाणार आहे. त्या दिवशी ती स्वतः तेथे उभी असेल. तिला बोलू द्यावे आणि नकार दिलाच तर तो का दिला, हे तिला सांगावे, एवढी अपेक्षा कोणत्याही सुसंस्कृत राज्याकडून करणे वावगे ठरणार नाही.