उपवासाचें ताट आणि अमेरिकेची शेती

एकादशी किंवा संकष्टी आली कीं, जुन्नरच्या पेठेंत साबुदाणा, शेंगदाणे, राजगिरा, रताळीं आणि बटाटे यांना गिऱ्हाइकी येते. लेण्याद्रि व ओझर हीं अष्टविनायकांचीं दोन क्षेत्रें याच तालुक्यांत असल्यामुळें येथें उपवास करणारांची वाण नाहीं. कोणता पदार्थ चालतो आणि कोणता चालत नाहीं, यावरून घरोघर सुनांना बोल लावले जातात. आणि ज्या बाजरीवर हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या जगला, तिला त्या दिवशीं ताटांत जागा मिळत नाहीं.

पण या सोंवळ्या पदार्थांचें कूळ कोणीं शोधलें आहे काय? आजचा साबुदाणा ज्या कंदाच्या पिठाचा होतो, तो कंद दक्षिण अमेरिकेंतला. भुईमूगही तिकडचाच. बटाटा अँडीज पर्वतांतला, रताळें अमेरिकेच्या उष्ण भागांतलें, राजगिरा मेक्सिको व पेरूकडचा. खिचडींतील मिरचीही परदेशस्थच! कोलंबस १४९२ सालीं त्या खंडास पोहोंचला, आणि पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें. त्यानंतरच हीं पिकें आमच्याकडे रुजलीं. सातवाहनांच्या काळीं नाणेघाटानें जो माल चढला, त्यांत यांपैकीं एकही जिन्नस नव्हता. फार काय, तेराव्या शतकांत ज्ञानदेव-नामदेवांनीं ज्या एकादश्या केल्या, त्या बटाट्यावांचून व साबुदाण्यावांचूनच केल्या! ताटांतील वरीचे तांदूळ तेवढे या भूमीचे जुने रहिवासी.

कोणी म्हणेल, तुम्हांस उपवास बुडवावयाचा आहे. तसें मुळींच नाहीं. ज्याची श्रद्धा असेल त्यानें तो अवश्य करावा. आमचें म्हणणें इतकेंच कीं, चारशें वर्षांची चाल सनातन म्हणून दुसऱ्याच्या, विशेषतः घरांतील स्त्रियांच्या, डोक्यावर आदळूं नये. शास्त्रापेक्षां रूढि बलवत्तर म्हणतात. पण रूढि बदलते, याचा पुरावा आपल्याच ताटांत आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्या खंडांतील मूळ रहिवाशांनीं हीं पिकें नुसतीं पेरलीं नाहींत, तीं कशीं खावीं हेंही शोधून काढलें. विषारी जातीचा कंद किसून, पिळून, भाजून ते निर्धोक करीत. अँडीजमधील लोक बटाटे रात्रीच्या हिंवांत गोठवून, पायांनीं तुडवून, उन्हांत वाळवीत. ते वर्षानुवर्षें टिकत. मेक्सिकोंत मका चुन्याच्या पाण्यांत शिजवीत. युरोपनें मका नेला, चुना मात्र नेला नाहीं. परिणामीं उत्तर इटलींतील गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा नांवाचा भयंकर रोग पसरला. चुन्यामुळें मक्यांतील एक जीवनसत्त्व शरीरास मिळतें, हें विसाव्या शतकांत कळलें. राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून त्यांचा प्रसाद तेथील लोक खात, म्हणून स्पॅनिश धर्मोपदेशकांनीं त्या पिकावरच रोष धरला. तिकडे ज्याला देवामुळें हद्दपार व्हावें लागलें, त्याला इकडे देवाच्याच दिवशीं मान मिळाला!

आमचा शेतकरी या बाबतींत शहाणा निघाला. नारायणगांवचा टोमॅटोचा बाजार आणि आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठारावरचा बटाटा पाहावा. कूळ न विचारतां, अनुभव घेऊन त्यानें पीक आपलेंसें केलें.

आतां पश्चिमेच्या डोंगरांकडे वळूं. तेथील महादेव कोळी व ठाकर स्त्रियांना कुरडू, टाकळा, भारंगी, चाईचा मोहर अशा कितीतरी रानभाज्यांची पारख आहे. कोणती भाजी केव्हां खुडावी, कोणता कडू कंद राख घालून उकडावा आणि कोणतें पाणी फेंकून द्यावें, हें ज्ञान त्यांच्याजवळ तोंडींच आहे. त्यांस अडाणी म्हणणारे आपण, बी घेऊन चुना विसरणाऱ्या युरोपीयांहून वेगळे आहों काय? दोन्ही तालुक्यांतील शाळांनीं या स्त्रियांना मानानें बोलावून, योग्य मोबदला देऊन, हें ज्ञान त्यांच्या नांवानिशीं लिहून घ्यावें. पेठेंतील व्यापाऱ्यांनीं वहीच्या कागदाचा खर्च सोसला, तरी पुष्कळ झालें. समुद्रापलीकडचा कंद आपण देवघरापर्यंत नेला. घाटमाथ्यावरच्या माणसाला निदान ओटीवर तरी बसवूं या.