झोपेत पैसे? आधी हिशोब बघा!

‘तुम्ही झोपलेले असताना पैसे कमवा!’ ही ओळ वाचून ज्याच्या मनात चुळबुळ झाली नाही, असा नोकरदार मला अजून भेटायचाय. महिन्याची वीस तारीख उलटली की तर हा फंडा फारच पटतो. म्हटलं, चला, बघूया तरी! अफिलिएट मार्केटिंगचं एक ऑनलाइन ट्रेनिंग घेतलं. तीन आठवडे केलं, आणि सोडलं.

धंदा मुळात खरा आहे, हे आधी सांगून टाकते. आपण वस्तूची लिंक द्यायची, त्यावरून कुणी खरेदी केली की दुकानदार आपल्याला कमिशन देणार. अमेझॉनने ही योजना १९९६ साली सुरू केली, तेव्हा तिथे पुस्तकंच मिळायची. पण कमाई चणे-फुटाण्यांची. तीन हजारांचा मिक्सर, चार टक्के कमिशन धरलं तर हातात १२० रुपये. शिवाय दर ठरवणार दुकानदार. एप्रिल २०२० मध्ये अमेझॉनने अमेरिकेत फर्निचरचं कमिशन ८ टक्क्यांवरून थेट ३ वर आणलं. बसा आता!

आमच्या कोर्सची फी ७,९९९ रुपये, जीएसटी धरून साडेनऊ हजारांच्या आसपास. पहिले दोन आठवडे खरंच सॉलिड होते. लोक गूगलवर काय शोधतात, ब्लॉग कसा लिहायचा, ई-मेलची यादी कशी बनवायची... तिसऱ्या आठवड्यात मेंटॉर म्हणाले, ‘मिक्सर-बिक्सर सोडा, आपला कोर्सच विका. एका विक्रीमागे ५,००० रुपये!’ होमवर्क काय? फोनमधल्या पन्नास ओळखीच्यांची यादी. मावश्या, शाळासोबती, जुने कलीग, सगळे.

दहाव्या नंबरवर माझा नाशिकचा मामेभाऊ होता. सहा महिने नोकरी नाही, पीएफ काढून घर चालू. मी विचारलं असतं तर तो एका शब्दावर हो म्हणाला असता. नेमकी तिथेच मी वही मिटली. माझी फी वसूल व्हायला दोन जण हवेत, त्या दोघांना प्रत्येकी दोन... विसाव्या पायरीला दहा लाखांवर माणसं लागतात. आणि या सगळ्यात मिक्सर कुणीच विकत नाही!

१९७८ च्या कायद्याने पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी आहे, २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांनी पिरॅमिड योजनांवरही. कोर्सवाले म्हणतात, आम्ही तर ज्ञान विकतो. ही पळवाट टिकते की नाही, ते वकील मंडळींनी सांगावं.

‘३० दिवसांत पैसे परत’ असं वेबसाइटवर ठळक लिहिलेलं. मागितले तर म्हणे, पन्नास फोन केल्याचे स्क्रीनशॉट दाखवा. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. सोळा दिवसांनी फी आली, जीएसटी वगळून. व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मात्र त्याच संध्याकाळी काढलं. कारण काय, तर माझा ‘माइंडसेट’!

गेल्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. ‘ताई, एक कोर्स आहे, ७,९९९ चा. मित्राने सांगितलंय.’ म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी यादीत तो होताच. म्हटलं, मित्राला एवढंच विचार, हा कोर्स सोडून दुसरं काय विकून किती कमावलंस?

‘विचारतो,’ म्हणाला.