फोन वाजला की नेट जायचं

नाशिकमधल्या लँडलाइनवाल्या घरांत एके काळी ही तक्रार ओळखीची होती: फोन वाजला की नेट जायचं. वरच्या खोलीतून मुलगा ओरडायचा, "कुणी उचलू नका!" आणि खाली आजीने रिसीव्हर कानाला लावलेलाही असायचा. चूक आजीची नव्हती. एक्स्चेंजपासून दिवाणखान्यापर्यंत आलेल्या दोन तारा म्हाताऱ्या झाल्या होत्या.

तांब्याच्या, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या, एकमेकींना पीळ घातलेल्या या तारांना म्हणतात ‘जोडी’. एक्स्चेंजमधून शेकडो जोड्यांची जाड केबल निघते, रस्त्याकडेच्या पिलरमध्ये फुटते, तिथून डीपीच्या, म्हणजे गल्लीतल्या वाटपाच्या, डब्यात आणि मग घरात. पांढरी-निळी, पांढरी-नारिंगी अशा रंगांवरून लाइनमन आपली जोडी हुडकतो. प्रत्येक टप्प्यावर सांधा, आणि दुखणंही बहुधा सांध्याचंच.

बोलण्याला या तारेकडून फार काही नको असतं. आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत मावतो; सांध्यावर हिरवट थर चढला तरी थोडी खरखर, बाकी गप्पा चालू. जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलने याच जाळ्यावर ब्रॉडबँड सुरू केलं. एडीएसएल टू प्लस हे तंत्र २.२ मेगाहर्ट्झपर्यंत चढतं, कागदावर २४ एमबीपीएस देतं. पण इतक्या उंच लहरी तांब्यात लवकर विरतात. म्हणून एक्स्चेंजला खेटून असलेल्या घराचा वेग चार किलोमीटरवरच्या बंगल्याला मिळत नाही, बिल सारखंच असलं तरी. गोंगाट वाढला की मोडेम वेग कमी करून जमवून घेतो, तेही न सांगता.

रिंग वाजवायला याच तारेवर सुमारे ७५ व्होल्टचा दाब येतो. गंजक्या सांध्याला तो हिसका बसला की मोडेमची पकड सुटते. बेडरूममधलं जुनं एक्स्टेंशन आवाज आणि नेट वेगळं करणाऱ्या स्प्लिटरशिवाय जोडलेलं असेल, तर विचारायलाच नको.

गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पाणी मोजतात. जमिनीखालच्या केबलला असा मारुती नाही. ओल आत शिरू नये म्हणून तिच्यात जेली भरलेली असते. पण सांध्याचं आवरण तडकलं की पाणी तिथूनच वाट काढतं. आणखी एक गंमत: जोडीतली एकच तार तुटली तर डायल टोन गायब होतो, नेट मात्र कधीकधी रडतखडत चालूच राहतं. उंच लहरी ती फट ओलांडून जातात. नवखा माणूस यावर दिवस घालवतो. मुरलेला लाइनमन थेट डीपी उघडतो.

असे मुरलेले हात झपाट्याने कमी झाले. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलच्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कुठली जोडी कधी बदलली हे नकाशापेक्षा डोक्यातच जास्त असतं, आणि ती डोकी घरी गेली.

आता काचेची तार, म्हणजे फायबर, आली आहे. तिला गंज नाही, चार किलोमीटरचं भयही नाही. फक्त वीज गेली की फायबरचा डबा बंद. तांब्याच्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून ४८ व्होल्ट मिळायचे, त्यामुळे लोडशेडिंगच्या अंधारातही आजीचा फोन चालू असायचा.