‘३’चा ‘६’ का होतो? अक्षरे-अंक उलटे लिहिणाऱ्या मुलांसाठी पालकांनी काय करावे?

जुन्नर असो वा आंबेगाव, पहिलीच्या पाटीवर ‘३’च्या जागी ‘६’ आणि ‘घ’च्या जागी ‘ध’ अधूनमधून दिसतोच. बहुतेक मुलांची ही चूक सरावाने सुटते. तिसरीतही ती कायम राहिली, तर तो आळस नसून लेखनाची अक्षमता, म्हणजेच डिसग्राफिया असू शकतो.

अंकांत आणखी एक अडचण आहे. ‘पंचवीस’ बोलताना पाच आधी येतात, लिहिताना दोन. म्हणून काही मुले ‘५२’ लिहितात.

घरी काय कराल?
• तेच अक्षर पन्नास वेळा लिहायला लावू नका. चुकीचे वळण पक्के होते.
• ताटात रवा पसरून बोटाने मोठे अक्षर गिरवा. सुरुवात कुठून, हे मोठ्याने बोला.
• ‘घ’ आणि ‘ध’ एकाच दिवशी शिकवू नका.
• पंचवीससाठी दशकाचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मांडा, मग लिहा.

मदत कुठे?
२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. शाळेमार्फत तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना भेटा. आंबेगावची पंचायत समिती घोडेगावात आहे. सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीला जादा वेळेची सवलत मिळते. मात्र तोवर थांबू नका. रोज ओरडा खाणारे मूल आधी वही टाळते, मग शाळा.