फोर्कलिफ्ट कलंडली तर थांबायचे की उतरायचे? उभ्याने चालवायच्या मशीनचा नियम वेगळा का, वाचा

भिवंडी, चाकणसारख्या भागांतल्या गोदामांत एकेका फुटाला किंमत असते. रॅकमधल्या गल्ल्या अरुंद ठेवल्या, की तिथे उभ्याने चालवायची 'स्टँड-अप' फोर्कलिफ्ट सोयीची पडते. ती कमी जागेत वळते आणि चालकाला पटकन चढता-उतरता येते. पण बसून चालवायच्या फोर्कलिफ्टवर हात बसलेला चालक थेट या मशीनवर उभा राहिला, तर त्याची जुनी सवयच धोक्याची ठरू शकते.

कलंडताना काय करायचे?

बसून चालवायच्या फोर्कलिफ्टचा नियम ठरलेला आहे: उडी मारायची नाही. सीटबेल्ट लावलेला हवा, स्टिअरिंग घट्ट धरायचे आणि मशीन ज्या बाजूला पडतेय त्याच्या उलट बाजूला झुकायचे. उडी मारणारा बहुतेक वेळा डोक्यावरच्या लोखंडी छताखाली सापडतो.

मागून चढायच्या स्टँड-अप फोर्कलिफ्टला ना सीट असते ना बेल्ट. त्यामुळे ती बाजूला कलंडू लागली, तर मागच्या मागे पाऊल टाकून बाहेर पडायचे आणि लांब व्हायचे, असे अमेरिकेची कामगार सुरक्षा यंत्रणा 'ओशा' सांगते. बाजूला उडी मात्र इथेही नको. चालकासकट वर जाणाऱ्या ऑर्डर पिकरला हा नियम लागू नाही. तिथे अंगावर सेफ्टी हार्नेस हवाच. म्हणून आपल्या मॉडेलचे मॅन्युअल आधी पाहा.

मशीन कलंडते का?

मशीनवरच्या प्लेटवर १,५०० किलो, ५०० मिलिमीटर असे लिहिलेले असते. याचा अर्थ, मालाचा गुरुत्वमध्य काट्यांच्या टाचेपासून ५०० मिलिमीटरच्या आत असेल, तरच प्लेटवर दिलेल्या उंचीपर्यंत १,५०० किलो उचलता येतात. खोका लांब असला, की गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि क्षमता घटते. माल वर असताना वळण घेतले, तर तोल आणखी बिघडतो. त्यामुळे मशीन चालवताना काटे जमिनीपासून साधारण १५ सेंटिमीटरवर ठेवावेत. उतारावर भरलेले मशीन असेल, तर माल चढाच्या बाजूला हवा.

पाय आत का हवेत?

अनेक मॉडेलमध्ये पायाखाली एक पेडल असते. त्यावरून पाय उचलला की ब्रेक लागतो. पण मशीन जागच्या जागी थांबत नाही. वजन अनेकदा तीन टनांच्या आसपास असते, म्हणजे तीन छोट्या हॅचबॅक गाड्यांएवढे. रिव्हर्स घेताना पाय किंवा कोपर बाहेर राहिला आणि बाजूला खांब आला, तर हाड वाचणे कठीण. मागची चाके वळत असल्याने मशीनचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, हेही लक्षात ठेवावे.

रॅकचा आडवा बार जीवघेणा कसा?

रिव्हर्समध्ये मशीनचा मागचा भाग रॅकच्या खालच्या आडव्या बारखालून आत शिरतो आणि बार थेट चालकाच्या छातीवर येतो. ओशाने यावर स्वतंत्र इशारा दिला आहे. पहिला बार मशीनच्या धडाला अडेल इतका खाली बसवणे किंवा मशीनला मागे संरक्षक खांब लावणे, हे त्यावरचे उपाय आहेत. दोन्ही गोष्टी चालकाच्या हातात नाहीत. त्या मालकाने करायच्या आहेत.

शिफ्ट सुरू होण्यापूर्वी काय पाहाल?

• ब्रेक, हॉर्न आणि पायाखालचे पेडल चालते का?
• काट्यांना तडा, साखळीला ढिलेपणा किंवा तेलगळती आहे का?
• क्षमतेची प्लेट वाचता येते का?
• जायच्या दिशेला नजर पोहोचते का? पोहोचत नसेल, तर थांबा.

यातले काहीही बिघडले असेल, तर सुपरवायझरला सांगून मशीन बाजूला लावावी. आणि 'बसायची चालवतोस ना, मग हीपण चालव' असे कुणी म्हणाले, तर आधी या मशीनचे प्रशिक्षण मागा. कलंडताना विचार करायला वेळ नसतो. शरीर जे शिकले आहे तेच करते.