अंतराळातल्या पलटणी

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझी थोडी अपकीर्तीच आहे. तासाला ज्ञानेश्वरी शिकवणारा हा गृहस्थ मधल्या सुटीत वाचतो काय, तर वेष्टनावर चिलखतधारी शिपाई एका राक्षसी किड्यावर बंदूक रोखून उभा आहे असले पुस्तक! “अहो, निदान वर्तमानपत्राचे कव्हर तरी घाला,” असा इंग्रजीच्या सहकाऱ्यांचा प्रेमळ सल्ला असतो. मी तो मानलेला नाही. वीस-पंचवीस वर्षे या कादंबऱ्या वाचल्यावर माझे असे मत झाले आहे की, त्यांतल्या चांगल्या कादंबऱ्या बंदुकीविषयी नसतातच. शिपाई घरी परतला म्हणजे त्याचे काय होते, याविषयी त्या असतात.

रॉबर्ट हाइनलाइनची ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९५९) ही या घराण्यातली थोरली पाती. अंगात घातले की माणसाला घरांवरून उड्या मारता याव्यात असा यांत्रिक पोशाख, आणि यानातून कुपीत बसून शत्रूच्या ग्रहावर घेतलेली झेप. पुढे कितीतरी लेखकांनी हे उसने घेतले. पण मौज अशी की, पुस्तकात लढाया बेताच्याच. पाने भरतात ती कवायतीने आणि शाळेतल्या तासांनी. एक निवृत्त लष्करी शिक्षक ‘इतिहास आणि नीतिशास्त्र’ शिकवतो. हजेरी सक्तीची, पण पास होण्याची सक्ती नाही! (आमच्या विद्यार्थ्यांच्या कानावर हे न गेलेले बरे.) ज्याने सरकारी सेवेची मुदत पुरी केली त्यालाच मताचा अधिकार, असे हे राज्य. विशीत मला हे सारे कमालीचे पटले होते. आज पटत नाही, पण त्या शिक्षकाचा तास मात्र अजून चुकवावासा वाटत नाही. हाइनलाइन अमेरिकन नौदलात अधिकारी होता. १९३४ साली क्षयामुळे त्याला निवृत्त व्हावे लागले. प्रत्यक्ष लढाई त्याने पाहिली नाही. त्याचे शिपाई घरच्या आठवणीने फारसे व्याकूळ होत नाहीत, त्याचे कारण कदाचित हेच असेल.

जो हाल्डमनने ती पाहिली. पदार्थविज्ञान आणि खगोलशास्त्र शिकलेला हा तरुण १९६७ साली सक्तीच्या भरतीत सापडला, व्हिएतनामात जबर जखमी झाला आणि परतल्यावर त्याने ‘द फॉरेव्हर वॉर’ (१९७४) लिहिली. युक्ती आइन्स्टाइनची आहे. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात एक वर्ष सरते, तेव्हा बाहेर सुमारे सात वर्षे लोटतात. नायक मँडेला १९९७ साली युद्धावर जातो, पहिल्या मोहिमेहून परततो. त्याचे वय जेमतेम दोन वर्षांनी वाढलेले. पृथ्वीवर मात्र २०२४ उजाडले आहे. आई म्हातारी झालेली, चालीरीती बदललेल्या. या जगात जीव रमेना, तेव्हा बिचारा पुन्हा पलटणीतच भरती होतो. युद्ध संपते ते हजाराहून अधिक वर्षांनी, आणि मग कळते की ते मुळात गैरसमजातूनच पेटले होते. घरी परतण्याचा हा भाग ज्या मासिकात कादंबरी आधी छापली गेली त्याच्या संपादकाला फार निराशाजनक वाटला, म्हणून तो बदलावा लागला. पुढच्या एका आवृत्तीत तो परत आला. मला विचाराल तर पुस्तकाचा प्राणच तो.

याला एक घरगुती कारणही आहे. माझे आजोबा मराठा पलटणीत होते. १९४० साली गेले, इटलीपर्यंत पोहोचले आणि १९४६ साली गावी आले. अंगणात उभे राहिले तर माझी आत्या घरात पळाली : “आये, कोण पाव्हणं आल्यात!” सहा वर्षांत भाऊ वेगळे निघाले होते, बैल गेले होते, रॉकेल रेशनवर आले होते. आजोबांनी लढाईची गोष्ट आम्हांला कधी सांगितली नाही. ‘पाव्हणं’ ही गोष्ट मात्र शंभरदा सांगितली, आणि दर वेळी हसून सांगितली. ‘द फॉरेव्हर वॉर’ वाचताना मला ते हसणे प्रथम समजले.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. ऑर्सन स्कॉट कार्डच्या ‘एंडर्स गेम’मध्ये (१९८५) मुलाला खेळ म्हणून जे खेळायला लावतात ते खरेच युद्ध असते, शेवट झोप उडवणारा, मधली प्रकरणे मात्र मला लांबलेली वाटतात. जॉन स्काल्झीच्या ‘ओल्ड मॅन्स वॉर’मध्ये (२००५) भरतीचे वय पंचाहत्तर! म्हातारा आधी बायकोच्या थडग्यावर जाऊन येतो, मग पलटणीत नाव घालतो. पहिली पाने फार गोड आहेत. पुढे नवे तरुण शरीर मिळते आणि पुस्तक बरेचसे नेहमीच्या वळणावर जाते. नुसत्या तोफा मोजणाऱ्या मालिकांचे ढीगही मी वाचले आहेत. प्रवासाला बऱ्या.

पण हाल्डमनच्या कादंबरीची अखेर पाहा. मँडेलाची सखी त्याच्या आधी सुटते. तो परतेल तेव्हा शतके उलटलेली असणार. म्हणून ती एका यानात बसून नुसती वेगाने ये-जा करत राहते. दहा वर्षांत तिचे वय महिनाभरच वाढते. आमच्या आजीजवळ असले यान नव्हते. ती जात्यावर बसली.

हे मी स्टाफरूममध्ये सांगितले तेव्हा इंग्रजीचे सहकारी गप्प झाले. दिवाळीच्या सुटीसाठी ते पुस्तक घेऊन गेले आहेत. वर्तमानपत्राचे कव्हर घालून.